मिन्ना प्लॉटकिनने घेतलेलं नाव

मिन्ना प्लॉटकिन पहिल्यांदा मेली ती एका कादंबरीत, पान दोनशे बारावर. खरी मेली त्यानंतर नऊ वर्षांनी, हॉस्पिटलात, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं इंग्रजी सुधारता सुधारता. या दोन मरणांच्या मध्ये काय घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या सोसायटीत ते ज्याला जसं सोयीचं तसं तो सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी गिटल. चाळीस वर्षं टोप्या शिवल्या. आता नजर अधू झाली, जीभ मात्र शाबूत आहे.

आमची सोसायटी ब्रॉंक्समधली, बागेसमोरची, कामगारांनी स्वतः उभारलेली. राहणारे सगळे ज्यू, आणि सिनॅगॉगची पायरी चढायची नाही असा सगळ्यांचा पण. शनिवारी सकाळी बाकीचे ज्यू प्रार्थनेला जात, तेव्हा आम्ही तळघरातल्या वाचनालयात जमून भांडायचो. निमित्त पुस्तकाचं. काचेच्या पेल्यातून चहा, त्यात लिंबाची चकती, दातात साखरेचा खडा, आणि मग जी काही जुंपायची ती दुपारच्या जेवणापर्यंत.

भांडायचा आमचा एक नियम होता. आपलं मत सांगायचं असेल तर आधी समोरच्याचं मत मांडायचं, आणि तेही इतकं नीट की समोरच्याने 'हेच' म्हटलं पाहिजे. 'हेच' मिळालं की मगच स्वतःचं तोंड उघडायचं. मोत्के फायनर, फरचे कोट कापणारा, पन्नास वर्षांचा मुरलेला नास्तिक, म्हणायचा की हा नियम युनियनचा. मिन्ना त्याला उडवून लावायची. "युनियनचा कसला? माझ्या आजोबांच्या पाठशाळेतला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपले पंडित असंच भांडायचे." पाठशाळा सुटली, देव सुटला, नियम तेवढा बोटीत बसून आमच्याबरोबर अमेरिकेला आला.

हे वाचनालय मिन्नाचं. म्हणजे मालकीचं नव्हे, पण किल्ली तिच्याकडे, पेले विसळणं तिच्याकडे, आणि कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तर त्याची खरडपट्टी काढणंही तिच्याकडेच. बुटकी, ताठ, खिशात कायम लिंबाच्या गोळ्या. एके काळी ती शाळेत शिकवायची. बावन्न साली सरकारला प्रत्येक वर्गात लाल बावटा दिसायला लागला आणि शिक्षकांना एकेकाला चौकशीला बोलावणं सुरू झालं. बंद खोली, समोर तीन माणसं, आणि एकच मागणी: तुमच्याबरोबर बैठकांना कोण कोण यायचं, नावं सांगा. मिन्नालाही बोलावलं होतं. त्या जूनमध्ये तिची शाळा सुटली आणि ती बागेपलीकडच्या लाँड्रीत लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टाचायला लागली. ती गप्प राहिली म्हणून तिला काढलं, असं सगळी सोसायटी धरून चालली. तिने कधी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. आम्ही ते तिच्या मोठेपणाच्या खात्यात टाकलं.

खरोखर काढलं होतं ते फ्रुमाला. फ्रुमा क्रुगमन चौथ्या मजल्यावरची, मिन्नाची जुनी मैत्रीण. तिचा नवरा वेल्वल स्पेनच्या यादवीत लढायला गेला आणि सदतीस साली तिथेच पडला. ना थडगं, ना चिठ्ठी. तो लाल बावट्याचा नावाजलेला माणूस, म्हणून फ्रुमाने शाळेच्या कागदांवर माहेरचं नाव लावलं होतं, लेविट. बावन्नच्या वसंतात कुणीतरी चौकशीत वेल्वलचं नाव घेतलं. चौकशीवाल्यांनी जुने विवाहाचे दाखले उकरले आणि त्यातून फ्रुमा निघाली. तिने एकही नाव दिलं नाही, आणि तिची नोकरी गेली. पुढची एकोणीस वर्षं तिने बेकरीत उभं राहून राय धान्याचा पाव कापला.

वेल्वलचं नाव कोणी घेतलं ते फ्रुमाला कधी कळलं नाही. पण तिने एक शपथ घेतली होती, आणि ती सोसायटीत पोराबाळांनाही पाठ होती. "ज्या दिवशी कळेल ना, त्या दिवशी त्याच्या चहात मूठभर मीठ घालीन, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत पिईस्तोवर समोर बसून राहीन." हे ती दर दोन-चार महिन्यांनी म्हणायची. आम्ही हसायचो. मिन्ना आपला पेला ढवळत राहायची. मी तिच्या शेजारीच बसायचे आणि मला कधी काही दिसलं नाही. नजर तेव्हा चांगली होती, तरीही.

मग अठ्ठ्याहत्तर साली आर्नल्ड सिरोटाची कादंबरी आली. आर्नल्ड आमच्याच सोसायटीत वाढला, मिन्नाच्या वर्गात शिकला, आणि पुढे दूरच्या कुठल्याशा कॉलेजात प्राध्यापक झाला. वर्तमानपत्रांनी कादंबरी डोक्यावर घेतली. गोष्ट एका शिक्षिकेची. ती चौकशीत गप्प राहते, नोकरी जाते, मित्र तोंड फिरवतात, आणि शेवटी दोनशे बाराव्या पानावर ती खिडक्या लावून घेते आणि गॅस सोडते. तिच्या खिशात लिंबाच्या गोळ्या सापडतात. आणि तिचं नाव मिन्ना.

सोसायटीत सणच जणू. आपली मिन्ना पुस्तकात आली! मोत्केने चार प्रती आणल्या आणि चारींत खुणा केल्या. मिन्नाने वाचून पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, "गॅस म्हणे. आपल्या इमारतीत गॅसचा दाब एवढा कमी आहे की मरायला पंधरवडा लागेल." एवढंच बोलली आणि पेले विसळायला गेली. मला वाटलं, लाजली.

मोत्केने आर्नल्डला पत्र लिहून चर्चेला बोलावलं. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे दहा. दार मिन्नानेच उघडलं. आर्नल्ड पायरीवर उभा, चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीवाला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातली टोपी खाली पडली.

"बाई?"

"टोपी उचल," मिन्ना म्हणाली. "आणि तोंड मिट. माशी जाईल."

आत येऊन बसला तरी त्याचा चेहरा पांढराफटक. "बाई, मला वाटलं... आईने फ्लॉरिडाहून पत्र लिहिलं होतं, मिन्ना गेली म्हणून."

"अरे, ती सहाव्या मजल्यावरची," फ्रुमा ओरडली. "मिन्ना तबाचनिक! मासे तळणारी. तुझी आई पहिल्यापासूनच अर्धवट सांगते."

तेव्हा आम्हाला उलगडा झाला, आणि हसू आवरेना. आमच्यात मूल जन्माला आलं की गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. जिवंत माणसाचं कधीच नाही. मृत्यूचा दूत नाव वाचून येतो आणि चुकून भलत्यालाच उचलतो, अशी समजूत. आर्नल्ड प्राध्यापक, त्याचा कशावर विश्वास नाही, पण कादंबरीतल्या बाईचं नाव ठेवताना त्याने मुलाचं नाव ठेवतात तसं गेलेल्या बाईंचं ठेवलं. जिवंतपणी ठेवायची त्याची छाती नव्हती. मोत्केला हे समजलं मात्र, आणि पन्नास वर्षांच्या त्या नास्तिकाने मिन्नाच्या डोक्यावरून थू थू थू करून तीनदा थुंकून टाकलं.

"मेल्या, माझे केस," मिन्ना म्हणाली.

मग चर्चा सुरू झाली. मोत्के नेहमीप्रमाणे घाईत. "आपल्या लेखकांना झालंय काय? पुस्तक उघडावं तर एक ज्यू पुरुष डॉक्टरच्या कोचावर आडवा, आणि आईच्या नावाने गळा काढतोय. संप नाही, युनियन नाही, मोर्चा नाही. जसं काही आपण इथे नुसते मनाच्या आजारालाच आलो! हा पहिला पठ्ठ्या, ज्याने आपलं राजकारण..."

"आधी दुसरी बाजू," मिन्नाने टोकलं. मोत्के गुरगुरत कोचावरच्या माणसाची बाजू मांडायला लागला, आणि खरं सांगते, फार छान मांडली. त्याची आईही तशीच होती.

फ्रुमाचा राग शेवटावर होता. "आर्नल्ड, तुझी बाजू अशी. जगाला हरलेला ज्यू समजतो. मेलेल्या ज्यूबद्दल सगळ्यांना कळवळा येतो. जिवंत, कटकट करणारी म्हातारी कोण वाचणार? हेच?"

आर्नल्ड ओशाळला. "हेच," म्हणाला.

"मग आता माझी. मी पाव कापला, पण गॅस नाही सोडला. आम्ही कितीजणी जगलो, त्याचं एक पान लिहायचं होतंस."

"चुकलं माझं," आर्नल्ड म्हणाला. "शेवटाचंही आणि नावाचंही. मी स्वतःची समजूत घातली, की गेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर त्याला काय बोचणार? कुणाचंच नुकसान नाही."

मिन्नाने पेला खाली ठेवला. पाळी तिची होती. नियमाप्रमाणे तिने आर्नल्डची बाजू मांडायची होती.

"त्याची बाजू मला त्याच्यापेक्षा चांगली माहीत आहे," ती म्हणाली. "माणसाला एक नाव हवं असतं. जिवंत माणसाचं घेतलं तर त्याचं वाटोळं होईल. पण मेलेल्याची नोकरी जात नाही. त्याच्या दारावर कुणी थाप मारत नाही. उलट तोच म्हणेल, घ्या माझं नाव, कुणाच्या तरी उपयोगी पडलो. असं माणूस स्वतःला पटवतो. हेच ना, आर्नल्ड?"

"हेच, बाई."

"मीही हेच पटवलं होतं. बावन्न सालच्या मार्चमध्ये, त्या खोलीत."

आता पुढे काय येणार ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. मोत्के तर साखरेचा खडा चघळतच होता.

"तिघं समोर बसले होते," मिन्ना म्हणाली, "आणि एक मुलगी टाइप करायला. ते म्हणाले, एकच नाव द्या आणि घरी जा. मी एकेकाला मनात पुढे आणलं आणि मागे ढकललं. याची पोरं लहान आहेत. तिला दिवस गेलेत. हा आत्ताच कामाला लागलाय. मग सुचलं, जो उरलाच नाही त्याचं सांगू. मी म्हटलं, वेल्वल क्रुगमन." ती पहिल्यांदा फ्रुमाकडे वळली. "शाळेच्या कागदांवर तू लेविट होतीस. मला वाटलं, तुझ्यापर्यंत पोहोचणार नाहीत. तुला काढलं त्यानंतर मला त्या वर्गात उभं राहवेना. मला कुणी काढलं नाही, फ्रुमा. मी स्वतः सोडलं. आणि सव्वीस वर्षं तुम्ही मला देव्हाऱ्यात बसवलंत, तर मी बसून राहिले."

तळघरातल्या वाफेच्या नळाचा ठकठक आवाज येत होता. आर्नल्डचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. मी त्याला म्हटलं, "पेन बाहेर काढलंस तर बोटं मोडीन." त्याने हात मांडीवर ठेवला.

"म्हणजे तू," फ्रुमा म्हणाली. कोट घेतला, आणि बटणं न लावताच निघून गेली. तीस वर्षांत चर्चा अर्धी टाकून कुणी उठलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. सोसायटीची दोन शकलं झाली. काहीजण मिन्नाला पाहून जिन्यात पाठ फिरवायचे, आणि त्यात असेही होते ज्यांना त्या खोलीत बोलावलंच नव्हतं. ज्याला विचारलं नाही त्याला गप्प राहायला काय जातं? मोत्के वाचनालयाच्या पाटीवरून तिचं नाव खरवडायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, आधी तिची बाजू मांडून दाखव. त्याला ती मांडता येईना, आणि पाटी राहिली. मलाही राग होता. नाही कशाला म्हणू? माझ्या डोळ्यांदेखत फ्रुमाने एकोणीस वर्षं पाव कापला होता. पण मिन्ना रोज दहाला किल्ली घेऊन खाली जायची, रिकाम्या खोलीत बसायची, आणि मला ते बघवायचं नाही.

आमच्यात असं आहे की ज्याचा अपराध केला त्याची तीनदा माफी मागायची. तीनदा नाकारली तर ओझं त्याच्या डोक्यावर. आम्ही मोठ्या उपासाच्या दिवशी मुद्दाम दाबून जेवणारी माणसं, पण तो तीनचा आकडा कुणाच्या अंगातून गेला नव्हता. मिन्ना पहिल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर गेली, दार वाजवलं, "मी आहे" म्हणाली. दार उघडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गेली तर आतून रेडिओचा आवाज मोठा झाला. तिसऱ्या वेळी गुडघे दुखत होते म्हणून मी तिला हाताला धरून चढवलं. ती म्हणाली, "मी आहे, फ्रुमा." आतला रेडिओ बंद झाला. मग दाराआडून आवाज आला, "शनिवारी. नियमाने."

शनिवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आर्नल्डसुद्धा बसने आला होता, कागद-पेन न घेता. फ्रुमा आली आणि मिन्नासमोर बसली. पिशवीतून तिने मिठाचा निळा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मिन्नाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आधी तिची बाजू," फ्रुमा म्हणाली. घसा साफ केला. "तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. औषधपाणी मिन्नाच्या पगारावर. हे ती त्या दिवशी बोलली नाही, कारण ती सबब वाटली असती. त्या खोलीत गेली तेव्हा ती गप्प राहायचं ठरवूनच गेली होती. मला माहीत आहे, कारण सकाळी तिचा कोट मीच ब्रश केला होता. मग तिघांनी तिला चार तास बसवून ठेवलं. पाणीसुद्धा दिलं नाही. तिने आपल्यातल्या एकेकाला वाचवलं, आणि जो वाचवण्यापलीकडे गेला होता त्याला दिलं. तिला माझा घात करायचा नव्हता. ती फक्त दमली होती. हेच?"

"हेच," मिन्ना म्हणाली.

"आता माझी. नोकरीचा राग होता. तो बेकरीतच कुठेतरी संपला. पण वेल्वलचं माझ्याजवळ काय राहिलं होतं? थडगं नाही, चिठ्ठी नाही. एक नाव होतं, आणि तेही मी पगारासाठी लपवलं. पंधरा वर्षं शाळेत कुणी विचारलं, लग्न झालंय का, तर मी नाही म्हणायचे. ते नाव मोठ्याने घ्यायचा हक्क माझा होता, मिन्ना, आणि माझ्याआधी ते तू घेतलंस, त्या तिघांसमोर. तू मला विचारायला हवं होतंस. सकाळी मी कोट ब्रश करत होते तेव्हाच म्हणायचं होतंस, अगदीच वेळ आली तर वेल्वलचं नाव घेऊ का. मी म्हटलं असतं, घे. वेल्वल हसला असता. म्हणाला असता, बघ, मेल्यावरही कामाला लावलंत. पण तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," मिन्ना म्हणाली.

"मला बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, हा क्रुगमन तुमचा कोण? मी म्हटलं, माझा नवरा. त्या खोलीत मी एवढंच बोलले. आणि खरं सांगू? पंधरा वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

मग तिने डबा उघडला, मूठभर मीठ मिन्नाच्या चहात टाकलं आणि चमच्याने ढवळलं. "पी."

मिन्नाने पेला उचलला. एक घोट, दुसरा. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण थांबली नाही. मोत्के म्हणाला, "अगं, तिचं ब्लडप्रेशर," तर फ्रुमाने त्याला नजरेनेच बसवलं. पेला अर्धा झाला तेव्हा तिने हात पुढे केला आणि तो मिन्नाच्या ओठांवरून काढून घेतला.

"पुरे. उरलेला माझा. लपवलं तर मीही होतंच."

आणि ती तो प्यायली. मी रडले, लाज कसली. मोत्केने फडक्याने डोळे पुसले, ते फडकं पेल्यांचं होतं, त्यावरून मिन्नाने त्याला झापलं, आणि मग आम्हाला कळलं की आता पुढच्या शनिवारचं पुस्तक ठरवायला हरकत नाही.

निघताना मिन्नाने आर्नल्डला दारात गाठलं. "पुढच्या आवृत्तीत माझं नाव काढ. मी अजून वापरतेय."

त्याने काढलं. दुसऱ्या आवृत्तीत त्या बाईचं नाव भलतंच काहीतरी आहे. मिन्नाने नऊ वर्षं आपलं नाव भरपूर वापरलं. दक्षिण अमेरिकेतून नव्याने आलेल्या शेजाऱ्यांना इंग्रजी शिकवलं, लिंबाच्या गोळ्या वाटल्या, आणि चौकशीची गोष्ट कुणी विचारली की सगळी सांगितली, मिठासकट. दर शनिवारी फ्रुमा तिच्या चहात मीठ नाही ना ते आधी स्वतः चाखून बघायची आणि आम्हाला डोळा मारायची.

गेल्या हिवाळ्यात मिन्ना गेली. दुखवट्याचा सातवा दिवस होता, मी फ्रुमाकडे बसले होते, आणि फोन वाजला. आर्नल्ड. कादंबरी नव्याने छापायची होती. फोन फ्रुमाच्या कानाशी होता तरी मला ऐकू येत होतं, तो इतका मोठ्याने आणि चाचरत बोलत होता. "मी आधी विचारतोय," तो म्हणाला. "बाईंचं नाव परत घेऊ का?"

फ्रुमाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "घे. पण आधी तो गॅस बंद कर."